जपानी गीतांचे आद्याक्षर : अनुक्रमणीचा क्रम आणि त्यामागील वर्णविचार

प्रास्ताविक

एखादे गीत सूचीत कोठे शोधावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता ग्रंथपालाचा आहे. जपानी गीतांच्या बाबतीत मात्र तो लिपीचा, उच्चारशास्त्राचा आणि काही अंशी भारतविद्येचाही प्रश्न ठरतो. जपानीत 'उता' हा एकच शब्द कविता व गीत या दोहोंसाठी योजला जातो. अभिजात उतांना सामान्यतः शीर्षक नसे. आरंभीची अक्षरे हीच त्यांची ओळख. तुकोबांच्या गाथेच्या अनेक आवृत्त्यांच्या अखेरीस अभंगांची जी वर्णानुक्रमणी असते, तिच्याशी परिचित असलेल्या वाचकास ही पद्धती अपरिचित वाटणार नाही. १९०१ ते १९०३ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'कोक्का ताइकान' या उतासंग्रहाने व सूचीने दिलेले पद्यक्रमांक 'मान्योशू'च्या अभ्यासात अद्यापही वापरात आहेत. प्रस्तुत लेखात जपानी गीत आद्याक्षरावरून ओळखण्याच्या या व्यवहारामागील वर्णक्रमाचा विचार करावयाचा आहे.

पन्नास ध्वनींचा तक्ता

आज जपानी शब्दकोश, दूरध्वनी-सूची व गीतसूची ज्या क्रमाने लावल्या जातात त्यास 'गोजूओन', म्हणजे 'पन्नास ध्वनी', असे म्हणतात. अ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर, आणि त्यांपुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या पंक्ती. काही घरे रिकामी असल्याने प्रत्यक्षातील मूलाक्षरे ४६ भरतात. मराठी वाचकास या क्रमात काहीतरी ओळखीचे जाणवते, पण दोन ठिकाणी अडखळावयास होते. 'क' नंतर 'च' यावयास हवा, तेथे 'स' कसा? आणि 'प' च्या जागी 'ह' का?

याचे उत्तर ध्वनींच्या इतिहासात आहे. प्राचीन जपानीतील आजचा 'स' हा 'त्स' किंवा 'च' सारखा उच्चारला जात असावा, असे भाषाशास्त्रज्ञांचे अनुमान आहे. आणि आजचा 'ह' हा मूळचा 'प'. हे दोन बदल उलटे फिरविले की क, च, त, न, प, म, य, र, व अशी मालिका हाती येते. कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंतचा स्पर्शांचा क्रम, त त-वर्गाच्या पाठोपाठ त्याचे अनुनासिक 'न', प-वर्गाच्या पाठोपाठ 'म', आणि शेवटी अंतस्थ. मूर्धन्य वर्ग व 'ल' जपानीस नको होते, ते गळाले. घोष व्यंजनांना स्वतंत्र पंक्ती नाही. 'ग' ने आरंभ होणारे गीत 'क' च्याच पंक्तीत शोधावे लागते.

हा क्रम जपानी भिक्षूंच्या सिद्धम्-अध्ययनातून घडला. सिद्धम् ही संस्कृत मंत्र व धारणी लिहिण्याची भारतीय लिपी. जपानीत तिला 'शित्तान' म्हणतात. कुकाई हा भिक्षू ८०६ मध्ये चीनहून परतला, तेव्हा त्याच्या समवेत सिद्धम्-विद्येचे ग्रंथ होते. अकराव्या शतकातील तेंदाई पंथीय भिक्षू म्योगाकु याने १०९३ मध्ये लिहिलेल्या उच्चारविषयक ग्रंथाचा या तक्त्याच्या घडणीत मोठा वाटा मानला जातो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'जपानी लिपी संस्कृतापासून निघाली' असे विधान आपल्याकडील व्याख्यानांतून अधूनमधून ऐकू येते. ते चुकीचे आहे. जपानी काना अक्षरे चिनी चित्राक्षरांच्या संक्षेपातून तयार झाली. भारताकडून गेला तो अक्षरांचा आकार नव्हे, तर त्यांची मांडणी. आणि उच्चारस्थानानुसार वर्ण लावण्याची ही कल्पना आकारापेक्षा कमी मोलाची नाही.

इरोहा

तथापि कित्येक शतके सामान्य व्यवहारात चालला तो निराळाच क्रम. 'इरोहा' हे एक पद्य असून त्यात ४७ अक्षरे प्रत्येकी एकदाच येतात. पद्य पाठ झाले की वर्णमाला पाठ होते. परंपरा ते कुकाईच्या नावावर घालते. आधुनिक संशोधक हे कर्तृत्व मान्य करीत नाहीत. त्याचा सर्वांत जुना ज्ञात पाठ १०७९ चा आहे. ओत्सुकी फुमिहिको यांनी १८८९ ते १८९१ मध्ये 'गेनकाई' हा शब्दकोश गोजूओन क्रमाने प्रसिद्ध केला, तेव्हा फुकुझावा युकिची यांच्यासारख्या सुधारकानेही कपाळाला आठ्या घातल्या, असे सांगितले जाते. करमणुकीच्या ठिकाणी पादत्राणे ठेवण्याचे बिल्लेसुद्धा इरोहा क्रमाने लावलेले असतात, ही त्यांची हरकत. इरोहा पुढे कोशांतून हटला, पण संगीतात टिकला. पाश्चात्त्य ए, बी, सी या स्वरनामांसाठी जपानीत इ, रो, हा ही अक्षरे आहेत. म्हणून 'सी मेजर' मधील गीत तेथे 'हा' स्वरातले ठरते.

शीर्षकाचे वाचन

आधुनिक गीतांना शीर्षके आहेत, आणि अडचण तेथेच आहे. शीर्षक चित्राक्षरांत छापलेले असेल, तर त्याचे पहिले अक्षर कोणते हे पाहून सांगता येत नाही. 'उद्या' या अर्थाची तीच दोन चित्राक्षरे 'असु', 'अशिता' किंवा 'म्योनिचि' अशी वाचता येतात. त्यामुळे जपानी ग्रंथालयीन नोंदींत शीर्षकाबरोबर त्याचे कानातील 'वाचन' वेगळे नोंदविले जाते. ते चुकले तर गीत सूचीत असूनही नसल्यासारखे होते. कराओकेच्या छापील गीतसूच्यांतून शीर्षकासोबत आरंभीचे शब्दही देत, हे लक्षणीय आहे. गाणाऱ्यास शीर्षक आठवत नाही, सुरुवात आठवते.

साकामोतो क्यू यांनी १९६१ मध्ये गायिलेले 'उए ओ मुइते आरुकोओ' हे गीत जपानी सूचीत 'उ' खाली आहे. परदेशी श्रोत्यांस शीर्षक जड जाईल म्हणून ते 'सुकियाकी' या नावाने विकले गेले आणि जून १९६३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड सूचीत अग्रस्थानी पोहोचले. सुकियाकी हा गोमांसाचा एक खाद्यप्रकार. गीताशी त्याचा काडीचाही संबंध नाही. एका विक्रेत्याच्या सोयीसाठी गीत 'उ' मधून 'सु' मध्ये गेले.

आद्याक्षराची स्पर्धा

आद्याक्षराचे महत्त्व सर्वाधिक दिसते ते 'करुता' या खेळात. फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) यांनी निवडलेला 'ह्याकुनिन इश्शु' हा शंभर कवींच्या शंभर उतांचा संग्रह त्याचा आधार. उता सामान्यतः ३१ अक्षरांची. वाचक उता आरंभापासून म्हणतो. खेळाडूंसमोरील पत्त्यांवर मात्र केवळ अखेरचे दोन चरण असतात. ज्या अक्षरापाशी उता निःसंदिग्धपणे ओळखू येते, त्यास 'किमारिजी', म्हणजे निर्णायक अक्षरे, म्हणतात. मु, सु, मे, फु, सा, हो, से या सात अक्षरांनी प्रत्येकी एकच उता सुरू होते. तेथे पहिला ध्वनी पुरेसा आहे. याउलट 'अ' ने सुरू होणाऱ्या उता १६ आहेत. सहा उता तर अशा, की त्यांच्या तीन जोड्यांत पहिली पाच अक्षरे समान असून सहाव्या अक्षराशिवाय निर्णय होत नाही.

हा संच स्थिर नसतो, हे विशेष. 'उ' च्या दोन उतांपैकी एक वाचून झाली की दुसरी त्या क्षणापासून एकाक्षरी होते. खेळाडूस शंभर उता पाठ असणे ही केवळ पूर्वअट; खरी कसोटी म्हणजे प्रत्येक वाचनानंतर मनातील अनुक्रमणी नव्याने लावणे. १९०४ मध्ये पत्रकार कुरोइवा रुइको यांनी नियमांत एकसूत्रता आणल्यापासून या खेळास स्पर्धेचे रूप आले. त्याची सर्वोच्च लढत ओत्सु येथील ओमी जिंगू या देवस्थानात होते. संग्रहातील पहिली उता ज्यांच्या नावावर आहे, त्या सम्राट तेंजी यांचे हे देवस्थान. सुएत्सुगु युकी यांच्या 'चिहायाफुरु' (२००७–२०२२) या चित्रमालिकेने नव्या पिढीस या खेळाकडे वळविले.

शंभरांपैकी पन्नासच पत्ते मांडले जातात, प्रत्येकाच्या बाजूस पंचवीस. वाचक मात्र शंभर उतांतील कोणतीही म्हणू शकतो. न मांडलेल्या उतेचे पहिले अक्षर ऐकून ज्याचा हात दुसऱ्याच पत्त्यावर पडतो, त्याचा दोष धरला जातो, आणि प्रतिस्पर्धी आपल्याकडील एक पत्ता त्याच्या बाजूस सरकवितो.