खेळाचा संगणक : आधी पडदा ठरवा, मग कार्ड

उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की घरोघरी खर्चाची यादी निघते. सोसायटीचे कर्ज, घरावरची कौले, मुलीची फी. अलीकडे आमच्या गगनबावडा तालुक्यात या यादीत आणखी एक कलम दिसू लागले आहे : मुलाच्या संगणकासाठी नवे ग्राफिक्स कार्ड. माती परीक्षणाचा अहवाल समजावून घ्यायला आलेली मंडळी खिशातून दुसराही कागद काढतात आणि विचारतात, "साहेब, पोरगं ह्ये आणायचं म्हणतंय. एवढं पैसं कशाला लागत्यात?"

हा विषय कृषी खात्याच्या पुस्तिकेत नाही, हे खरे. परंतु मध्यम प्रतीच्या कार्डाला पंचवीस-तीस हजार रुपये सहज पडतात. म्हणजे आठएक टन उसाचे पैसे झाले. एवढी रक्कम घरातून जाणार असेल, तर पालकांनी ती वस्तू काय काम करते हे समजून घेतलेच पाहिजे. शिवाय या निवडीचे गणित पंपसंचाच्या निवडीसारखेच असल्याने ते आपल्याला अवघड जाऊ नये.

साडेसात एचपीची मोटार बसवली आणि पुढे सव्वा इंची पाइप जोडला, तर पाणी पाइपापुरतेच येते. मोटारीला दिलेले जादा पैसे विहिरीत गेले. संगणकात कार्ड ही मोटार आणि पडदा, म्हणजे मॉनिटर, हा पाइप. मुले हट्ट धरतात तो कार्डाचा, कारण त्याचे नाव मित्रांत सांगता येते. दहापैकी आठ घरांत मात्र अडते ते जुन्या पडद्यापाशी.

पडद्याचे गणित

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. त्याच्या वरच्या प्रतीत (२५६० गुणिले १४४०) ३६,८६,४०० आणि 'फोर-के' पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात. खेळ चालू असताना यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग कार्डाला दर वेळी नव्याने काढावा लागतो. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. याला ६० हर्ट्झ म्हणतात. खेळासाठीचे पडदे १४४, १६५ किंवा त्याहून अधिक हर्ट्झचे मिळतात. फुल एचडी पडद्यावर ६० हर्ट्झला सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपके रंगवावे लागतात, १४४ हर्ट्झला तीस कोटी. मधल्या प्रतीच्या पडद्यावर १४४ हर्ट्झला हाच आकडा त्रेपन्न कोटींवर जातो. शेताचे क्षेत्र आणि पाण्याच्या पाळ्या यांवरून आपण मोटार ठरवतो, तसेच हे आहे.

आता घरी ६० हर्ट्झचा जुना पडदा असेल आणि कार्ड सेकंदाला १४० चित्रे तयार करत असेल, तरी डोळ्यांना साठच दिसणार. त्यात जुन्या पडद्याला बहुधा निळे, तीन ओळींत पंधरा टाचण्यांचे व्हीजीए टोक असते. नव्या कार्डांवर ते घरच नसते. तेथे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतात. हे कोल्हापूरहून पंचावन्न किलोमीटर परत आल्यावर कळले, तर एक हेलपाटा नक्की.

माझे मत असे, की खेड्यातील घरासाठी २४ इंची, फुल एचडी, १४४ हर्ट्झच्या आसपासचा आयपीएस पडदा पुरेसा आहे. आयपीएस पडदा बाजूने पाहिला तरी रंग बिघडत नाहीत, त्यामुळे दोघा-तिघांना बघता येतो. २७ इंची हवा असेल तर मधल्या प्रतीचा घ्यावा. तेवढ्या आकारावर फुल एचडीचे ठिपके विरळ होऊन अक्षरे खरखरीत दिसतात. पडद्यावर फ्रीसिंक किंवा जी-सिंकची सोय आहे का, ते विचारावे. कार्डाचा वेग खाली-वर झाला, तर पडदा आपला वेग त्याच्याशी जुळवून घेतो आणि चित्र मधून फाटल्यासारखे दिसत नाही. 'एक मिलिसेकंद' अशा जाहिरातीला फार भुलू नये. आणि एक गोष्ट ध्यानात घ्यावी : कार्ड चार-पाच वर्षांत जुने होते, चांगला पडदा त्याहून अधिक टिकतो. त्यावर मुलीचा अभ्यास होतो, सातबारा बघता येतो. पैसे थोडे असतील तर मी आधी पडदा घ्या असेच सांगेन.

कार्डाचे नाव कसे वाचावे

'को ८६०३२' या उसाच्या नावात ८६ हे वर्ष आणि ०३२ हा क्रमांक असतो. कार्डाच्या नावाचेही तसेच आहे. एनव्हिडियाच्या 'आरटीएक्स ४०६०' मध्ये ४० ही पिढी आणि ६० ही त्या पिढीतील पायरी. ५० खालची, ६० मधली, ७० वरची. फुल एचडी पडद्याला साठची पायरी, किंवा एएमडी कंपनीचे त्याच तोडीचे कार्ड, चांगले चालते. कार्डाची स्मृती आज ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. परंतु नुसती स्मृती मोठी आणि चिप दुबळी असे कार्डही दुकानात पुढे केले जाते. मोठ्या टाकीला लहान मोटार बसवावी तसे ते होय.

जुने कार्ड स्वस्त मिळते. मात्र काही वर्षांपूर्वी इथेरियम या आभासी चलनासाठी असंख्य कार्डे रात्रंदिवस राबवली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धत बदलली आणि ती कार्डे बाजारात आली. दुभती म्हैस आपण धार काढून बघितल्याशिवाय घेत नाही. जुने कार्डही समोर अर्धा तास खेळ चालवून, पंख्यांचा आवाज ऐकून मगच घ्यावे. नवे घेताना जीएसटीचे बिल आणि त्यावर कार्डाचा अनुक्रमांक मागून घ्यावा.

वीज, ओल आणि अर्थिंग

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पॉवर सप्लायकडे. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट लागतात, जुन्या ३०६० ला १७०. दोन्हींसाठी कंपनी ५५० वॉटचा पॉवर सप्लाय सांगते. स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या डब्यावर '४५० वॉट' असे ठळक छापलेले असते, पण खरा आकडा चिकटपट्टीवरच्या १२ व्होल्टच्या रकान्यात असतो. तेथे १८ अँपिअर असेल, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट एवढीच त्या वाटेची ताकद. अशा डब्यावर मोठे कार्ड जोडले, तर खेळ ऐन रंगात आल्यावर संगणक बंद पडतो आणि कधी डबा जळताना सोबत मदरबोर्डही नेतो. तेव्हा कोल्हापूरला जाण्यापूर्वी मुलाने ही चिकटपट्टी, मदरबोर्ड व प्रोसेसरचे नाव, कॅबिनेटमधील मोकळी लांबी आणि पडद्याची टोके एका कागदावर टिपून न्यावीत. प्रोसेसर फार जुना असेल, तर भारी कार्डही त्याच्या चालीनेच चालते.

सहाशे व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो; खेळाच्या संगणकाला हजार व्हीएचा बघावा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नीट नाही. हे काम कार्डाच्या आधी वायरमनकडून करून घ्यावे, कारण येथे प्रश्न यंत्राचा राहत नाही, मुलाच्या जिवाचा होतो.

जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस आपल्याकडे. आषाढ-श्रावणात भिंती पाझरतात, कपडे वाळत नाहीत. संगणक भिंतीपासून वीतभर दूर, उंच फळीवर ठेवावा. दररोज थोडा वेळ चालवल्यास स्वतःच्या उष्णतेने तो कोरडा राहतो. गरम असताना प्लॅस्टिक झाकू नये. दिवाळीच्या सुमारास आतली धूळ ब्लोअरने काढावी, पंख्याचे पाते बोटाने धरून.

काही पालक म्हणतील, हे सारे खेळासाठीच ना? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तयार केलेला 'राजी' हा खेळ २०२० साली जगभर विकला गेला. पुण्याच्याच सी-डॅकमधील 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणकही याच जातीच्या, अर्थात कितीतरी मोठ्या, चिपांवर चालतो. मुलाला रस असेल, तर याच कार्डावर तो चित्रफितींचे संकलन, नकाशे, आराखडे शिकू शकतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची गोष्ट निराळी. त्यांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली आहे. त्या वाटेला मुलगा जात नाही ना, यावर घरच्यांचे लक्ष असावे.

नवा संच घरी आला, की दोन गोष्टी स्वतः उभे राहून पाहाव्यात. पडद्याची वायर मदरबोर्डाच्या टोकाला न लावता कार्डाच्या टोकाला लावली आहे ना, आणि संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडले आहे ना. पुष्कळदा तेथे ६० च राहते आणि नवा पडदा जुन्यासारखाच चालत राहतो. वळवाचा गडगडाट सुरू झाला, की प्लग काढून ठेवावा, आणि त्याबरोबर इंटरनेटची तांब्याची वायरही.