झाड आडवं काढा, नावं मराठीत घाला

कॉम्प्युटरमधलं झाड उलटं असतं. मूळ वर, फांद्या खाली, अगदी घरातल्या वंशावळीसारखं. कोड लिहिताना हे झाड डोळ्यांसमोर असलं की कुठली फांदी चुकीच्या जागी लागली ते पटकन कळतं. म्हणून आम्ही ते प्रोग्रॅमकडूनच स्क्रीनवर अक्षरं आणि रेघांनी काढून घेतो. पण "मराठी नावं घालू नका, आकृती बिघडते," हा सल्ला मी वर्गात सारखा ऐकते. ती का बिघडते आणि ते कसं टाळायचं, तेवढंच इथं सांगते.

झाड वरून खाली काढायचं तर प्रत्येक नोड त्याच्या मुलांच्या बरोबर मध्यावर बसवावा लागतो. म्हणजे पहिली ओळ लिहिण्याआधीच सगळ्या नावांची रुंदी ठाऊक हवी. आता 'स्त्री' हा शब्द घ्या. आपल्या लेखी ते एकच अक्षर. पायथनला लांबी विचारली तर तो ६ सांगतो: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. प्रोग्रॅम सहा घरं धरून चालतो, शब्द मावतो त्याहून कमी जागेत. मग फांद्या सरकणारच!

यावर उपाय म्हणजे झाड आडवं काढायचं:

साहित्य
├── पद्य
│   ├── ओवी
│   └── अभंग
└── गद्य
    ├── बखर
    └── कादंबरी

या रेघा १९८१ च्या आयबीएम पीसीतही होत्या. आज युनिकोडमध्ये त्यांच्यासाठी १२८ चिन्हांचा स्वतंत्र संच आहे.

काढण्याची रीत सोपी आहे. व्याकरणातला उपसर्ग शब्दाआधी लागतो, तसा इथं प्रत्येक नावाआधी एक उपसर्ग लागतो. मुळाच्या मुलांसाठी तो रिकामा असतो. पुढचे नियम दोनच:

१. नोडच्या मागून अजून भावंड येणार असेल, तर उपसर्गानंतर '├── ' आणि नाव लिहा. त्याच्या मुलांच्या उपसर्गात '│' आणि तीन मोकळ्या जागा वाढवा.

२. नोड शेवटचं भावंड असेल, तर '└── ' आणि नाव लिहा. मुलांच्या उपसर्गात चार मोकळ्या जागा वाढवा.

मग प्रत्येक मुलासाठी तेच फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं. यालाच रिकर्शन म्हणतात. वरची आकृती बघा: 'पद्य'नंतर 'गद्य' यायचं आहे, म्हणून 'ओवी' आणि 'अभंग' यांच्या आधी उभी रेघ आहे. 'गद्य' शेवटचं, म्हणून 'बखर'आधी नुसती मोकळी जागा.

आता खरी गंमत अशी की नाव येतं ओळीच्या शेवटी. त्याच्या डावीकडे फक्त रेघा आणि मोकळ्या जागा असतात, आणि समान रुंदीच्या फॉन्टमध्ये त्या प्रत्येकी एकच घर घेतात. त्यामुळे नावाची रुंदी मोजावीच लागत नाही.

तेव्हा मंडळाच्या पुस्तकांची यादी असो नाहीतर तुमच्या घराण्याची वंशावळ, या रीतीनं मराठीतच काढून बघा. 'स्त्री' घाला, 'ज्ञानेश्वर' घाला, फांदी जागची हलणार नाही.