पावसाळ्यातलं शेण ठेवायचं कुठं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सांगवी हे पवना आणि मुळा या नद्यांच्या बेचक्यातलं गाव. दापोडीजवळ दोन्ही नद्या एक होतात. आता गाव शहरात गेलं, इमारती उठल्या. पण अशा नदीकाठच्या वस्त्यांतून म्हशींचे गोठे पूर्वापार आहेत. सकाळी धारा काढून झाल्या की गोठ्यात पाइप फिरतो. शेण, मूत, सांडलेला चारा पाण्याबरोबर गटारात जातो आणि तिथून नदीत. दहा मिनिटांत गोठा लख्ख!

शेण शेतात पडलं तर खत. तेच पाण्यात गेलं, की ते कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. उरलेल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसते. नदीवर खरा मोठा भार घरगुती सांडपाण्याचा आहे, हे मान्य. पण सांडपाण्याला मोठे प्रकल्प लागतात. शेण आधी फावड्यानं उचललं आणि मग पाइप लावला, तरी निम्मं काम होतं.

उचललेलं ठेवायचं कुठं? एक म्हैस दिवसाला साधारण १५ किलो शेण टाकते. २० म्हशींचं रोज ३०० किलो, पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३६ टन. उन्हाळ्यात शेणखत शेतकरी मागून नेतात. पावसाळ्यात पीक उभं असतं, वाट चिखलाची असते; नेमकं तेव्हाच कुणाला ते नको असतं. मग ढीग नदीकाठच्या मोकळ्या जागेत पडतो. ती जागा पूररेषेत आहे म्हणूनच मोकळी राहिलेली असते! धरणातून पाणी सोडलं की ढीग गेला.

त्यासाठी २० फूट लांब, १३ फूट रुंद आणि ५ फूट खोल टाकी पुरते. तळाला कोबा हवा, वर पत्रा हवा. पत्रा नसेल तर पावसानं खताचा कस धुऊन जातो. गोठ्याच्या जमिनीला उतार देऊन मूत वेगळ्या टाकीत घ्यावं. नत्राचा मोठा वाटा त्यातच असतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची ‘नाडेप’ पद्धत उत्तमच. पण त्यांच्या १० × ६ × ३ फुटी हौदात पालापाचोळा आणि माती भरपूर, शेण शंभरेक किलोच लागतं. मोठ्या गोठ्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही. गोबरगॅसचंही तसंच. शेणात तेवढंच पाणी कालवावं लागतं, म्हणून बाहेर पडणारी मळी शेणाच्या जवळजवळ दुप्पट भरते. तिलाही टाकी हवीच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० साली गोठे आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शेण-मूत गटारात किंवा नदीत सोडू नये, हा त्यांचा रोख आहे. अडचण जागेची आहे. टाकीला लागणाऱ्या २६० चौरस फुटांत सांगवीत भाड्याची एक खोली निघते. मग गोठेवाला टाकी कशाला बांधेल? चाकण-खेडकडच्या कांदा-बटाटा पिकवणाऱ्यांना खत लागतंच. चार-पाच गोठेवाल्यांनी मिळून तिकडच्या एखाद्या शेताच्या बांधाला, ओढ्या-विहिरीपासून दूर, टाकी बांधावी. रोजची गाडी तिथं रिकामी व्हावी आणि वैशाखात शेतकऱ्यानं ती उपसून घ्यावी.