शाळेचा उतारा कसा काढायचा?



पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ज्यांनी गूळ नेला आहे त्यांना हे सांगायला नको. गाळ्यावर ढेपा उतरल्या की तोलणार वजन सांगतो, पण दर काही वजनावर ठरत नाही. घेणारा ढेप फोडतो, रंग बघतो, कणी बघतो, खडा तोडून तोंडात टाकतो आणि मग बोली करतो. गुऱ्हाळ किती दिवस चाललं, गुळव्या किती नावाजलेला, काहिलीखाली जळण किती घातलं, हे तो विचारीत नाही. पुढ्यात आलेला गूळ कसा आहे, एवढंच बघतो.

शाळेच्या बाबतीत मात्र आपण नेमकं उलट करतो. इमारत पक्की आहे का, फी किती, निकाल किती टक्के लागला, हे सगळं विचारतो. पोराला आज काय येतं, हे विचारायचं राहून जातं. या राहिलेल्या प्रश्नापासून सुरुवात करून शिक्षणाची आखणी करणे, यालाच अध्ययन निष्पत्तीवर आधारलेले शिक्षण म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ साधा आहे. इयत्ता संपताना मुलाला काय करता आलं पाहिजे ते आधी लिहून ठेवायचं, त्या धोरणाने शिकवायचं आणि तपासणीही त्याचीच करायची.

ही कल्पना काही काल निघालेली नाही. १९९१ साली डॉ. दवे यांच्या समितीने प्राथमिक इयत्तांसाठी किमान अध्ययन पातळ्या ठरवून दिल्या होत्या. २०१७ साली शिक्षणहक्काच्या केंद्रीय नियमांतच इयत्तावार व विषयवार निष्पत्ती घालण्यात आल्या. अभियांत्रिकी कॉलेजांकडेही हेच वारे आहे. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला, तेव्हापासून मानांकनाच्या वेळी विद्यार्थ्याला काय करता येते याचे पुरावे मागितले जातात. आपल्यातल्या ज्यांची मुलं इंजिनिअरिंगला आहेत त्यांनी हे ऐकलं असेल.

आम्ही शेतकी खात्याची माणसं, आम्हांला हे आपल्या उसावरून जास्त लवकर कळतं. ऊस किती टन आला ते काटा सांगतो, पण त्यात साखर किती होती ते उताऱ्यावरून कळतं. एफआरपीसुद्धा उताऱ्याला बांधलेली आहे. शाळेचा पट म्हणजे टनेज. पटावर नाव आहे म्हणजे पोरगं शिकलं, असं धरणं म्हणजे काट्याच्या पावतीवर साखर मोजणं.

आणखी एक गोष्ट आहे. उतारा कळतो तो ऊस गाळल्यावर. तेव्हा त्या उसाचं काही करता येत नाही. म्हणून तोडणीच्या आधी आम्ही रिफ्रॅक्टोमीटर घेऊन प्लॉटमध्ये फिरतो, शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स बघतो. दोन्ही जवळजवळ आले म्हणजे ऊस पक्व. शेंडा मागे असेल तर थांबायचं. वार्षिक परीक्षा ही गाळपानंतरची मोजणी आहे. मुलाला गरज आहे ती उभ्या पिकातल्या तपासणीची. नापास ठरवण्यासाठी नव्हे, तर कुठे अडलंय ते वेळेत कळावं म्हणून.

अशा तपासणीचा सर्वांत सोपा नमुना 'प्रथम' संस्थेने २००५ पासून 'असर' पाहणीत वापरला. पाहणी करणारा शाळेत नव्हे, घरी येतो. मुलाच्या हातात एक कागद देतो. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा लहानसा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. कागद एवढाच, पण आकडे बघा. २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागात पाचवीच्या १०० मुलांपैकी सुमारे ४३ मुलांनाच दुसरीची गोष्ट वाचता आली. २०२४ साली हा आकडा ४९ च्या आसपास आला. म्हणजे निम्मी पोरं अजून मागेच.

मात्र मोजणीलाही कीड लागते. गुळाला रंगावर दर मिळतो म्हटल्यावर काहीजण हायड्रॉस मारून गूळ पिवळाधमक करतात, हे आपल्याला ठाऊक आहे. शाळेचा मान नुसत्या आकड्यांवर ठरवू लागलो तर तिथेही हायड्रॉस येणारच: पाठ करून घेतलेली उत्तरं, कागदावर भरलेल्या श्रेणी. त्यासाठी तपासणीचा कागद मास्तरांना धारेवर धरण्याकरिता वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

हे सारं लिहायचं खरं कारण कारखान्याच्या तळावर आहे. टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात आणि उन्हाळ्यात परत जातात. शाळेचं निम्मं वर्ष बैलगाडीत आणि कोपीत जातं. मुलाचं नाव बीड, जालन्याच्या पटावर असतं, मूल मात्र आपल्या फडात वाढे गोळा करीत असतं. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) जनार्थ संस्थेने पूर्वी कित्येक कारखान्यांवर साखरशाळा चालवल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाल्यावर जवळच्या नेहमीच्या शाळेत बसवणं किंवा गावीच हंगामी वसतिगृहात ठेवणं यावर भर आला. स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी पत्रक देण्याचीही पद्धत आहे. सोयी आहेत, पण हजेरी भरली म्हणून मूल शिकलं असं होत नाही. आठवीच्या वयाच्या पोराला पहिलीचा परिच्छेद येत नसेल तर त्याला आठवीच्या वर्गात नुसतं बसवून काय होणार? त्याला दोन महिने वाचनच शिकवलं पाहिजे, आणि ते आल्यादिवशी तपासल्याशिवाय कळणार नाही. जाताना पुन्हा तपासलं म्हणजे या हंगामात त्याच्या पदरात काय पडलं तेही कळेल.

हा ऊस ज्यांच्या हातांनी तुटतो त्यांची ही मुलं आहेत. तेव्हा येत्या हंगामात टोळी उतरली की सभासदांनी मुकादमाला बरोबर घेऊन दोन आकडे काढावेत: ६ ते १४ वयाची मुलं किती, आणि त्यांतल्या किती जणांना दुसरीची गोष्ट वाचता येते. वाचून घ्यायला घरातली दहावी-बारावीची मुलगी पुरेशी आहे. मुलाला एकट्याला, गोडीने विचारावं. तोडणी सुरू झाल्यापासून १५ दिवसांत हे आकडे आपल्या गट कार्यालयात आणून द्यावेत, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापकांना यादी देऊन बसता येईल.