चालून आलो, आता जास्तीचं खायचं का?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. वजन कमी करायला सकाळी चालतो, मग चालण्यात जेवढं खर्च झालं तेवढं जास्तीचं खाल्लं तर चालेल का?

हिशेब बघा. 60 किलो वजनाची बाई अर्धा तास भरभर चालली तर साधारण 100 ते 130 कॅलरी खर्च होतात. म्हणजे एक मध्यम भाकरी. वडापाव त्याच्या दुप्पट भरतो! मोबाईलवर आकडा मोठा दिसतो, पण नुसतं बसून झाला असता तो खर्चही त्यात बऱ्याचदा धरलेला असतो. म्हणून चालून आल्यावर वेगळं काही नको, नेहमीचं जेवण वेळेवर घ्या.

खुरपणी-कापणीचे दिवस मात्र वेगळे. पाच-सहा तास वाकून काम केलं, त्या दिवशी एखादी भाकरी आणि वाटीभर डाळ किंवा उसळ जास्तीची घ्याच. आपण सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खातो, आणि वर त्यालाच ‘डाएट’ म्हणतो! चक्कर येत असेल, दम लागत असेल तर आशाताईंना सांगून रक्त तपासून घ्या. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने वजनासाठी जेवण तोडू नये. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.