कडेचा आधार

भाऊच्या धक्क्याहून आलेली लाँच रेवस बंदराला लागताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. भर खाडीत एखाद्या खुणेपाशी होडी नेमकी थांबवायची, तर वेग, वारा आणि पाण्याची ओढ यांचा हिशेब करावा लागतो. जरा चुकले की होडी पुढे निघून जाते. धक्क्यापाशी तसे होत नाही. तेथे भिंत आहे आणि ती होडीला पुढे जाऊच देत नाही. संगणकाच्या पडद्याची कड ही अशीच एक भिंत आहे. तिच्याविषयी येथे चार शब्द सांगावयाचे आहेत.

आमचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे कळले ते कामगारांच्या संगतीत आणि उसन्या आणलेल्या पुस्तकांतून. पूर्वी आमच्याकडे यंत्रात बोट सापडल्याच्या तक्रारी येत. आता टेबलापाशी बसणाऱ्यांच्याही येतात. दोन वर्षांपूर्वी एका कचेरीतील कारकून भगिनीला मेमो मिळाला. काम मंद, शिवाय कागद भलत्याच फोल्डरमध्ये जातात, असा ठपका होता. ती आम्हांला म्हणाली, "दादा, माझा हातच बिघडलाय का हो?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे नाव सापडले. वैमानिकांच्या चुका म्हणून नोंदलेल्या ४६० प्रसंगांची त्याने आपल्या सहकाऱ्याबरोबर छाननी केली आणि १९४७ साली असे दाखवले की, त्यांतील पुष्कळ चुकांचे मूळ विमानातील दांडे व कळा यांच्या मांडणीत होते. पुढे १९५४ साली त्याने हाताच्या हालचालीचा नियम मांडला. लक्ष्य जितके दूर आणि जितके अरुंद, तितका तेथे नेमके पोहोचण्यास वेळ अधिक. मात्र अंतर दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होत नाही. त्यात ठराविक भर पडते. लक्ष्याची रुंदी निम्मी केली, तरी तेवढीच भर पडते. १९७८ साली हा नियम माऊसलाही लागू पडतो असे प्रयोगाने दिसून आले.

आता कडेचे महत्त्व ध्यानात येईल. पडद्याच्या मध्यभागी असलेल्या बारीक बटणावर बाण थांबवायचा, तर हात वेळीच आवरावा लागतो. तेच बटण पडद्याच्या कडेला टेकलेले असेल, तर हात कितीही जोरात गेला तरी बाण कडेवरच अडतो. म्हणजे त्या दिशेने बटण जणू अमर्याद रुंद झाले. कोपऱ्यात तर दोन भिंती मिळतात. लाँच धक्क्यावर जोराने आदळली तर तिच्या फळ्या फुटतील. बाणाला ते भय नाही.

१९८४ च्या मॅकिंटॉश संगणकात मेनूची पट्टी पडद्याच्या माथ्याला टेकवली होती, तिचा लाभ हाच. उलट १९९५ च्या 'विंडोज ९५'मध्ये स्टार्टचे बटण कोपऱ्यात असूनही त्याच्या बाहेर बारीक पट्टी सोडलेली होती. अगदी कोपऱ्यात टिचकी मारली तर बटण दाबलेच जात नसे. धक्का बांधावा आणि त्याच्यापुढे हातभर उथळ पाणी ठेवावे, तसा हा प्रकार! नंतरच्या आवृत्त्यांत ही उणीव दूर झाली.

कचेरीत सर्वांत अधिक वावर असतो तो फाइल मॅनेजरमध्ये, म्हणजे संगणकातील कपाट उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. त्यात लांबलचक याद्या असतात आणि त्या वरखाली करण्यासाठी उजवीकडे अरुंद सरकपट्टी असते. खिडकी पडद्याहून लहान असेल, तर ही पट्टी कडेपासून दूर, उघड्यावर राहते. फाइल धरून ओढत यादीच्या खालच्या काठापाशी नेली की यादी आपोआप पळू लागते. ती हवी तेथे थांबत नाही आणि फाइल शेजारच्या फोल्डरमध्ये पडते. शेजारी दुसरा पडदा जोडलेला असेल, तर दोहोंमधली कड नाहीशीच होते. बाण पलीकडे निघून जातो.

आम्ही एक दुपार त्या भगिनीच्या शेजारी बसून पाहिले. तिच्यापुढे यांतले सारे काही होते. दोन पडदे, लहान खिडकी, शेकडो फोल्डरांची यादी आणि प्रत्येक फाइल ओढून नेण्याची पद्धत. आम्ही खिडकी उजव्या पडद्यावर नेऊन पूर्ण मोठी केली. सरकपट्टी बाहेरच्या कडेला टेकली. फाइल ओढण्याऐवजी ती कापून दुसरीकडे चिकटवण्याचा रिवाज ठेवला. एवढ्याने खर्च काही आला नाही.

मेमो मागे घेतला गेला नाही. पण दुसरा आला नाही, आणि आपला हात बिघडलेला नाही हे त्या भगिनीला कळले. हातमागापासून संगणकापर्यंत अवजारे बदलली. अवजाराचा दोष हाताच्या माथी मारण्याची खोड मात्र तशीच आहे. म्हणून आमची विनंती एवढीच की, कुणाचा हात मंद आहे असे ठरवण्यापूर्वी त्याच्या शेजारी तासभर बसावे, आणि त्याच्यापुढे धक्का आहे की उघडी खाडी, हे आधी पाहावे.