रुपयाचा प्रश्न आणि भंडाऱ्याची समई

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या घरची जुनी समई बुडाशी तडकली, म्हणून ती मोडीत देऊन दिवाळीपूर्वी नवी घ्यावी असे घरात ठरले. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. तेव्हा समई घ्यायची ती येथेच, यात वाद नव्हता. वाद झाला तो भावावरून. मी कुरकुर करताच दुकानदार शांतपणे म्हणाले, "सर, भाव भंडाऱ्यात ठरत नाही, मुंबईत बी ठरत नाही. तो डॉलरवर ठरते."

मागे एक कारागीर पत्र्यावर हातोडी चालवीत बसला होता. मी सहज विचारले, "आणि यांची मजुरी? तीही डॉलरवरच का?"

दुकानदार नुसते हसले. कारागीर मात्र हातोडी न थांबवता म्हणाला, "ते मागून येते जी, पायी पायी."

समई घेऊन मी घरी आलो. पण हे वाक्य काही डोक्यातून जाईना. मी मराठीचा अध्यापक. अर्थशास्त्राशी माझा संबंध पगारपत्रकापुरता. तरी असेच काहीतरी आपण कुठेतरी वाचले आहे असे सारखे वाटत होते. रात्री कपाटातून जाडजूड खंड काढला तेव्हा उलगडा झाला. लंडन विद्यापीठाला सादर झालेल्या, १९२३ सालच्या एका इंग्रजी प्रबंधात हाच विचार मांडलेला होता. प्रबंधाचे नाव 'रुपयाचा प्रश्न' आणि लेखक डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेब घटनाकार म्हणून घराघरांत ठाऊक आहेत. पण त्यांच्या परदेशातील पदव्या प्रामुख्याने अर्थशास्त्रातल्या, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते १९१३ साली गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. तेथे त्यांनी प्राचीन भारतातील व्यापारावर आणि पुढे सरकारी वित्तव्यवहारावर लिहिले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि 'रुपयाचा प्रश्न' या प्रबंधावर त्यांनी डी. एस्सी. मिळविली.

त्या प्रबंधातला एक मुद्दा आपल्या समईशी थेट निगडित आहे. तो समजण्यासाठी थोडा हिशेब केला पाहिजे.

त्या काळी आपला रुपया चांदीचा आणि इंग्रजांचा पौंड सोन्याचा. दोहोंच्या अदलाबदलीच्या दराला हुंडणावळीचा दर म्हणत. १८७० च्या सुमारास एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत. पुढे जर्मनीसारख्या देशांनी चांदी सोडून सोने धरले, अमेरिकेच्या खाणींतून चांदी भरमसाट निघू लागली आणि चांदीबरोबर रुपयाही घसरला. १८९३ साली सरकारने टांकसाळीची दारे लोकांच्या चांदीला बंद केली, तेव्हा रुपयाची किंमत सव्वा शिलिंगाच्या आसपास आली होती.

आता असे समजा की, एका व्यापाऱ्याने विलायतेत एक पौंडाचा, म्हणजे वीस शिलिंगांचा माल विकला. पूर्वी त्याला त्याचे दहा रुपये मिळाले असते. आता सोळा मिळतात. माल तोच, गिऱ्हाईक तेच, आणि वर सहा रुपये! पडता रुपया म्हणजे निर्यातीला बक्षीसच, देशाचा हा फायदाच आहे, असे सांगणारे तेव्हा पुष्कळ होते.

बाबासाहेबांनी विचारले, हे वरचे सहा रुपये आले कोठून? रुपया उतरला म्हणजे देशात हळूहळू सगळेच महाग होते. मजुरीही त्याच पावलाने वाढली असती, तर व्यापाऱ्याचा खर्च वाढून त्याचे बक्षीस विरून गेले असते. पण तसे होत नाही. भाव पुढे धावतात, मजुरी मागे राहते; आणि त्या दोहोंमधले अंतर हाच तो नफा. म्हणजे तो देशाचा लाभ नव्हे. एका वर्गाच्या खिशातून निघून दुसऱ्या वर्गाच्या खिशात गेलेली ती रक्कम आहे. कारागिराचे 'पायी पायी' ते हेच!

बाबासाहेबांचा रोख परदेशी व्यापाराविरुद्ध नव्हता. त्यांचे म्हणणे एवढेच की, रुपयाचा विलायतेतला भाव सांभाळण्यापेक्षा घरच्या बाजारात त्याने किती जिन्नस मिळतात, ते आधी सांभाळा. केन्ससारख्या नामवंत पंडिताने वाखाणलेल्या चलनपद्धतीवर त्यांनी टीका केली. पुस्तकाला प्रस्तावना देणारे त्यांचे गुरू प्रा. कॅनन यांनाही सारी मते मान्य नव्हती, आणि त्यांनी ते तेथेच लिहून ठेवले. १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढेही बाबासाहेबांनी साक्ष दिली.

हे सारे आमच्या जिल्ह्यात बसून वाचताना मला विशेष वाटले, त्याला कारण आहे. १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब भंडाऱ्यातूनच उभे होते. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता आणि गोंदियाही याच जिल्ह्यात होता. मतदारसंघाला दोन जागा. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. ज्या प्रश्नाचे त्यांनी एकतीस वर्षांपूर्वी लंडनमध्ये उत्तर लिहिले होते, तोच प्रश्न जगणाऱ्या लोकांच्या दारी ते मत मागायला आले होते.

कारण भंडारा आडबाजूचा दिसला तरी जगाच्या बाजारापासून कधीच दूर नव्हता. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज इंग्रज कंपनीने खणून परदेशी धाडले. १९६२ साली त्या कंपनीच्या खाणी सरकारी भागीदारीच्या 'मॉईल'कडे आल्या. डोंगरीचे मँगनीज डाय-ऑक्साइड आजही विजेच्या कोरड्या सेलांत जाते. येथील धानाचे नशीबही दूर कोठेतरी ठरते. जुलै २०२३ मध्ये बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये खुली झाली. शहरातल्या गृहिणीला तांदूळ स्वस्त मिळावा म्हणून केलेल्या बंदीचा भार धान पिकविणाऱ्याने किती उचलला, हा बाबासाहेबांच्याच पद्धतीचा प्रश्न आहे. आणि आमच्या समईतले तांबे? त्याचा भाव लंडनच्या धातुबाजारात डॉलरमध्ये बोलला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये डॉलरने पंच्याऐंशी रुपयांची मर्यादा ओलांडली, तेव्हा येथल्या पितळेलाही त्याचा चटका बसणारच.

माझ्या वर्गात एक हुशार मुलगी आहे. तिची आई विड्या वळते. मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. तेल, डाळ, एस. टी.चे भाडे यांचे भाव कधी वाढले ते त्या माउलीला तारखेनिशी पाठ आहे. मजुरी शेवटची कधी वाढली, असे विचारले तर ती क्षणभर आठवत बसते. त्या क्षणभरात 'रुपयाचा प्रश्न' सामावलेला आहे.

लक्ष्मीपूजनाला आपण वही पुजतो. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, वर शुभ-लाभ. यंदा नव्या समईच्या उजेडात मी घरच्या वहीत आणखी एक ओळ घालणार आहे. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंची मजुरी गेल्या दिवाळीला किती होती, आणि त्यानंतर बाजार किती चढला? हिशेब फार अवघड नाही. तो मांडायला धीर मात्र लागतो.